सिंहाने एडमंडला काय सांगितले?

गेल्या पावसाळ्यात धर्मग्रामाच्या वाचनालयातील पुस्तकांना बुरशी धरू लागली, म्हणून आम्ही कपाटे रिकामी करून घेतली आणि सारी पुस्तके धर्मगुरुनिवासाच्या पडवीत पसरून ठेवली. त्या पसाऱ्यात कडा पिवळ्या पडलेले एक पातळसे इंग्रजी पुस्तक हाती आले. उघडून पाहतो तो आतल्या पानावर आमचीच स्वाक्षरी आणि समासात आमच्याच हातच्या पेन्सिलीच्या खुणा. 'सिंह म्हणजे ख्रिस्त', 'चेटकीण म्हणजे सैतान', 'दगडी मेज म्हणजे कालवारी', अशी समीकरणे पानोपानी मांडलेली होती. पुस्तक होते सी. एस. लुईस यांची 'द लायन, द विच अँड द वॉर्डरोब' ही मुलांसाठी लिहिलेली अद्भुतरम्य कादंबरी. सहज चार पाने चाळावीत म्हणून आम्ही खुर्ची ओढून बसलो, ते संध्याकाळच्या मिस्सेची घंटा होईपर्यंत उठलो नाही.

या कादंबरीचे हे आमचे तिसरे वाचन. पहिले वाचन सोळाव्या वर्षी झाले. मराठी शाळेतून सेमिनरीत आलेल्या मुलाचे इंग्रजी सुधारावे, या हेतूने ते आमच्या हाती देण्यात आले होते. शब्दकोश शेजारी ठेवून वाचताना निम्मे शब्द अडले, पण गोष्ट अडली नाही. दुसरे वाचन गुरुदीक्षेनंतरच्या पहिल्या वर्षांतले. ते धर्मशिक्षणाच्या वर्गासाठी होते, आणि समासातील समीकरणे त्या वेळची. आता पन्नाशी उलटल्यावर, कोणताही हेतू मनात नसताना, तिसरे वाचन घडले. तिन्ही वेळा पुस्तक तेच होते, पण आम्ही मात्र दर वेळी वेगळ्याच पात्राचा हात धरून त्यात शिरलो. त्याचीच ही हकिगत.

ज्यांनी ही कादंबरी वाचलेली नाही, त्यांच्यासाठी कथानक थोडक्यात सांगतो. दुसऱ्या महायुद्धातील बाँबहल्ल्यांपासून सुरक्षित राहावीत म्हणून पीटर, सुसन, एडमंड आणि ल्यूसी या चार भावंडांना लंडनहून खेड्यातील एका वृद्ध प्राध्यापकाच्या घरी पाठवलेले असते. तेथील एका कपड्यांच्या कपाटात शिरलेली धाकटी ल्यूसी नार्निया नावाच्या बर्फाळ देशात जाऊन पोहोचते. त्या देशावर एका श्वेत चेटकिणीची सत्ता आहे. तिच्या जादूमुळे तेथे बारा महिने हिवाळा असतो, पण नाताळ कधीच येत नाही. ल्यूसीच्या मागोमाग एडमंड जातो. चेटकीण त्याला मंतरलेली मिठाई खाऊ घालते, राजा करण्याचे आमिष दाखवते आणि भावंडांना घेऊन यायला सांगते. तो त्यांना फसवून तिच्याकडे निघून जातो. नार्नियाच्या कायद्याप्रमाणे प्रत्येक विश्वासघातकी जीव हा चेटकिणीचा. एडमंडचे रक्त मागण्याचा तिला अधिकार आहे. तेव्हा अस्लान नावाचा महासिंह त्याच्या जागी स्वतःचा प्राण देतो, आणि पहाटे पुन्हा जिवंत होतो.

लेखकाविषयी दोन शब्द. क्लाइव्ह स्टेपल्स लुईस यांचा जन्म १८९८ साली बेलफास्ट येथे झाला. नऊ वर्षांचे असताना आईला कर्करोगाने नेले. तरुणपणी ते नास्तिक झाले. पुढे ऑक्सफर्ड येथे अध्यापन करीत असताना त्यांना पुन्हा श्रद्धा लाभली, आणि त्यात 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चे कर्ते, निष्ठावंत कॅथलिक जे. आर. आर. टॉल्किन यांच्याशी १९३१ च्या सप्टेंबरमध्ये रात्री उशिरापर्यंत झालेल्या संवादाचा मोठा वाटा होता. लुईस स्वतः मात्र अखेरपर्यंत अँग्लिकन राहिले. ही कादंबरी १९५० साली प्रसिद्ध झाली. नार्नियाचे आणखी सहा भाग १९५६ पर्यंत आले, आणि १९६३ साली लुईस निवर्तले. पुस्तक त्यांनी ल्यूसी बारफील्ड या आपल्या धर्मकन्येला अर्पण केले आहे. अर्पणपत्रिकेत ते तिला म्हणतात की, पुस्तक पुरे होईतो तुझे परीकथांचे वय सरले, पण पुढे कधीतरी त्या पुन्हा वाचण्याइतकी तू मोठी होशील. सोळाव्या वर्षी आम्हांला हा विनोद वाटला होता. आज त्यातील गांभीर्य ध्यानात येते.

पहिल्या वाचनात आम्ही ल्यूसीच्या बरोबर होतो. कपाटातील फरचे कोट बाजूला सारता सारता हाताला झाडांच्या फांद्या लागतात, पायाखाली बर्फ कुरकुरते, आणि ओसाड रानात एक दिव्याचा खांब उजळलेला दिसतो. ज्याने उभ्या जन्मात बर्फ पाहिले नव्हते, त्या मुलालाही थंडी वाजावी असे ते वर्णन आहे. सर्व मुले बहुधा ल्यूसीच्याच डोळ्यांनी हे पुस्तक वाचतात. आपण खरे बोलतो आहोत, पण मोठ्यांना ते पटत नाही, हे दुःख प्रत्येक मुलाच्या ओळखीचे असते.

दुसऱ्या वाचनात आम्ही कोणाच्याच बरोबर नव्हतो. आम्ही हातात किल्ल्यांचा जुडगा घेऊन फिरत होतो. फळ्यावर दोन रकाने आखून एकात कादंबरीतील नावे आणि दुसऱ्यात शुभवर्तमानातील नावे लिहिली. मुलांनी ती वहीत उतरवून घेतली. तास संपल्यावर एका मुलीने विचारले, "फादर, म्हणजे सिंह खरा नव्हताच का?" आम्ही काहीतरी उत्तर दिले. त्या उत्तराने आमचे समाधान झाले, तिचे झाले नाही. पुढच्या रविवारी गोष्टीचा उरलेला भाग ऐकायची कोणी मागणी केली नाही. उत्तर हाती आल्यावर कोडे कोण सोडवणार?

लुईस यांनी आपल्या कथांविषयी जे लिहून ठेवले आहे, ते तेव्हा आमच्या वाचनात आले नव्हते. ते सांगतात की, आधी शिकवण ठरवून मग तिच्यावर गोष्ट बेतली, असे घडले नाही. आरंभी केवळ एक चित्र होते: हिमाच्छादित रानातून छत्री घेऊन, बगलेत पुडकी सांभाळीत चाललेला अर्धा माणूस, अर्धा बोकड असा एक प्राणी. हे चित्र त्यांच्या मनात सोळाव्या वर्षापासून होते. पुढे ते असेही म्हणतात की, देवाविषयी आणि ख्रिस्ताच्या दुःखसहनाविषयी आपल्याला अमुक वाटलेच पाहिजे, असे लहानपणी बजावले गेल्यामुळे ते वाटेनासे झाले. सक्तीने भावना गोठते. तोच आशय रविवारच्या वर्गाच्या दडपणातून सोडवून कल्पनेच्या देशात नेला, तर त्याचे मूळचे सामर्थ्य कदाचित पुन्हा जाणवेल, अशी त्यांची अटकळ होती. म्हणजे लेखकाने जे दडपण कष्टाने दूर केले होते, तेच आम्ही दोन रकान्यांत भरून परत आणले होते. ही चूक आमची होती, आणि ती येथे कबूल केलेली बरी.

तिसऱ्या वाचनात आमच्या बरोबर चालत होता तो एडमंड.

मुलांच्या पुस्तकात दुष्ट पात्र असतेच, पण पापाची वाट इतक्या बारकाईने आखलेली क्वचितच आढळते. एडमंडचा पहिला अपराध चेटकिणीला सामील होण्याचा नाही. स्वतः नार्निया पाहून आल्यावरही तो थोरल्या भावंडांसमोर सांगतो की, आपण आणि ल्यूसी नुसता खेळ खेळत होतो. बहीण खरी ठरणार हे सहन न झाल्याने त्याने आपल्या डोळ्यांनी पाहिलेले सत्य नाकारले. पुढचा विश्वासघात या क्षुद्र खोटेपणातून उगवतो. मिठाई हे निमित्त. ती मिठाई म्हणजे टर्किश डिलाइट, आपल्याकडच्या चिवट रंगीत हलव्याची आठवण करून देणारा पदार्थ. पुस्तक प्रसिद्ध झाले तेव्हा इंग्लंडात गोड पदार्थांवर युद्धकाळापासूनचे नियंत्रण चालूच होते. ते १९५३ मध्ये उठले. त्या काळच्या मुलांना एडमंडची हाव किती समजली असेल! तो तोंडात घास कोंबत असतो आणि चेटकीण त्याच्या भावंडांविषयी एकेक प्रश्न विचारीत असते. आपण काय सांगून बसलो, हे त्याच्या लक्षातही येत नाही.

पुढे तो बर्फातून एकटाच तिच्या वाड्याकडे निघतो. चेटकीण वाईट आहे, हे त्याला मनाच्या तळाशी ठाऊक आहे, असे लेखक स्पष्ट सांगतो. तरी ती भावंडांचे फारसे वाईट करणार नाही, अशी तो स्वतःची समजूत घालत राहतो. पाय घसरतात, गारठ्याने अंग काकडते, तेव्हा राजा झाल्यावर आपण येथे चांगले रस्ते बांधू, खासगी सिनेमागृह उभारू, असे बेत तो रचतो. हे वाचताना हसू येते आणि लगेच ओसरते, कारण सदसद्विवेकबुद्धीला गप्प बसवण्याची ही रीत मुलांपेक्षा मोठ्यांच्या अधिक अंगवळणी पडलेली आहे. भविष्यातील सत्कार्यांचे आराखडे आखीत आजचे दुष्कृत्य उरकून घेणारी माणसे आपण पाहतो. प्रसंगी आपणही त्यांच्यात असतो.

त्याचे परिवर्तनही उपदेशाने होत नाही. रानात खारी आणि इतर प्राणी नाताळचे जेवण घेत बसलेले असतात. संतापलेली चेटकीण त्यांना दगड करण्यासाठी कांडी उचलते तेव्हा एडमंड विनवणी करतो आणि थप्पड खातो. त्या दगडी मेजवानीकडे पाहून त्याला या गोष्टीत प्रथमच स्वतःखेरीज दुसऱ्या कोणाची कीव येते. पश्चात्तापाची सुरुवात लुईस यांनी येथे ठेवली आहे. एडमंडला त्या क्षणी आपल्या अपराधाचा विचार सुचत नाही. तो दुसऱ्याच्या दुःखाकडे पाहतो.

आता तेरावे प्रकरण. एकूण प्रकरणे सतरा. एडमंडची सुटका झाली आहे. सकाळी भावंडे उठतात तो दवाने भिजलेल्या गवतातून अस्लान आणि एडमंड इतरांपासून दूर, दोघेच फिरताना दिसतात. ते काय बोलले? लेखक सांगत नाही. ते कोणी ऐकले नाही आणि ते सांगण्याची गरजही नाही, पण एडमंड ते कधी विसरला नाही, एवढाच निर्वाळा तो देतो. मग अस्लान त्याला भावंडांपाशी आणतो आणि झाल्या गोष्टींविषयी त्याच्याशी बोलण्याचे कारण नाही, असे सांगतो. एडमंड एकेकाचा हात हातात घेऊन क्षमा मागतो. तीन वाक्यांत समेट होतो.

या ठिकाणी आम्ही पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो. सबंध कादंबरीत प्राण्यांचे, झाडांचे, राक्षसांचे बोलणे ऐकवणारा लेखक नेमक्या या संभाषणापाशी दार लोटून घेतो. एखाद्या सामान्य लेखकाने येथे दोन पाने प्रवचन घातले असते. आम्ही तर खासच घातले असते. पण ज्याने अनेक वर्षे पापनिवेदनाच्या पेटीत बसून काढली आहेत, त्याला हे दार ओळखीचे वाटल्यावाचून राहत नाही. तेथे जे बोलले जाते ते तेथेच राहते. बाहेर आलेल्या माणसाला त्याविषयी विचारण्याचा अधिकार कोणालाही नाही, ऐकणाऱ्या धर्मगुरूलादेखील नाही.

लुईस यांच्या चरित्रातील एक गोष्ट येथे सांगण्याजोगी आहे. अँग्लिकन पंथात व्यक्तिगत पापनिवेदन सर्वांना बंधनकारक नाही. तरीही १९४० च्या अखेरीस, वयाच्या बेचाळिशीच्या उंबरठ्यावर, लुईस आपणहून पापनिवेदनाला जाऊ लागले. ऑक्सफर्डलगतच्या काउली येथील अँग्लिकन संघाचे फादर वॉल्टर अॅडम्स हे त्यांचे आध्यात्मिक मार्गदर्शक होते. कादंबरी प्रसिद्ध झाली ती त्यानंतर दहा वर्षांनी. दवातल्या त्या संभाषणावर लेखकाने जो पडदा ओढला, त्यामागे त्यांचा स्वतःचा अनुभव असावा, असे आमचे अनुमान आहे. त्याहून अधिक आमचा आग्रह नाही.

शेवटच्या प्रकरणात एक लहानसा प्रसंग आहे. युद्ध संपले आहे. एडमंडने जिवावर उदार होऊन चेटकिणीची कांडी मोडली आहे. आपल्यासाठी अस्लानने काय सोसले, हे त्याला ठाऊक आहे का, असे ल्यूसी हळूच सुसनला विचारते. सुसन म्हणते, नाही, आणि त्याला सांगूही नये; त्याच्या जिवाला ते किती भयंकर वाटेल! ल्यूसीला मात्र वाटते की, त्याला कळायला हवे. इतक्यात कोणीतरी व्यत्यय आणते आणि प्रश्न अर्धाच राहतो. आधीच्या दोन वाचनांत आम्ही या ओळींवरून सरळ पुढे गेलो होतो. वस्तुतः धर्मशिक्षणाचा सारा प्रश्न त्यांत आहे. क्षमेची किंमत क्षमा मिळालेल्या माणसाला सांगावी की नाही? सांगितली तर तो ओझ्याखाली दबेल. न सांगितली तर क्षमा स्वस्त होईल. सुसनपाशी दया आहे आणि ल्यूसीपाशी सत्य आहे. लेखक निकाल देत नाही.

निकाल मिळतो तो पुढच्या भागांत, आणि तोही एडमंडच्या तोंडून. 'द व्हॉयेज ऑफ द डॉन ट्रेडर' या १९५२ च्या भागात युस्टेस हा मुलगा आपल्या हावरेपणामुळे ड्रॅगन होतो आणि अस्लानच्या कृपेने परत माणूस होतो. तो लाजून क्षमा मागू लागतो तेव्हा एडमंड त्याला धीर देतो की, तू केवळ मूर्खपणा केलास, मी तर विश्वासघात केला होता. १९५४ च्या 'द हॉर्स अँड हिज बॉय'मध्ये एका दगलबाज राजपुत्राला देहदंड द्यावा, असे सारे म्हणत असताना राजा एडमंड म्हणतो की, विश्वासघातकी माणूसही सुधारतो, असा एक आपल्या माहितीत आहे. आणि विचारात गढून जातो. नार्नियात त्याला 'न्यायी' ही पदवी मिळाली आहे. इतरांनी त्याच्या भूतकाळाचा उच्चार करू नये, हे अस्लानचे सांगणे होते. तो स्वतः मात्र करतो, पण फक्त दुसऱ्या पडलेल्याला हात देण्यासाठी. क्षमा पचली म्हणजे तिचे काय होते, हे याहून चांगले सांगता येईल असे आम्हांला वाटत नाही.

गुणांबरोबर दोषही सांगितले पाहिजेत. चेटकिणीचा अपराध्यावर कायदेशीर हक्क असतो, ही कल्पना प्राचीन धर्मपित्यांच्या खंडणीच्या सिद्धांतावर उभी आहे. मानव सैतानाचा ओलीस आणि ख्रिस्त ही त्याच्या सुटकेची किंमत, असे न्यासाचे संत ग्रेगरी यांच्यासारखे आचार्य मांडीत. सैतानाला असा हक्क असूच शकत नाही, हे अकराव्या शतकाच्या अखेरीस कँटरबरीचे संत अॅन्सेल्म यांनी दाखवून दिले. गोष्टीच्या सोयीसाठी लुईस जुन्या मताकडे वळले, हे वाचणाऱ्या पालकांनी ध्यानात ठेवावे. मात्र अस्लान अखिल नार्नियासाठी न मरता एका हट्टी मुलासाठी मरतो, यात लाभही आहे. ख्रिस्ताने माझ्यावर प्रीती केली, माझ्यासाठी स्वतःला दिले, असे संत पौल गलतीकरांना एकवचनात लिहितो, त्याचे स्मरण होते.

नाताळबाबा घसरगाडीतून येऊन मुलांना तलवार आणि धनुष्य वाटतो, तो प्रसंग कथेत उपराच वाटतो. टॉल्किन यांना नार्नियाच्या कथा रुचल्या नाहीत, हे प्रसिद्धच आहे. त्याहून खुपणारी बाब पुढच्या भागांत आहे. तेथील क्रूर, गुलाम बाळगणारे शत्रू सावळ्या वर्णाचे आणि पागोटे बांधणारे आहेत. आमच्या सावळ्या मुलांनी ते वाचताना कोणाच्या बाजूने उभे राहावे? अखेरच्या भागात त्याच लोकांतील एका प्रामाणिक तरुणाला अस्लान आपला म्हणतो, हे खरे. तरीही व्रण राहतोच. आणि तारुण्यातील नटव्या छंदांपायी नार्निया विसरलेल्या सुसनला त्या भागात ज्या घाईने दूर सारले आहे, ते पाहून वाटते की, एडमंडला मिळालेली दवातली सकाळ तिच्याही वाट्याला यायला हवी होती.

हे सारे आम्ही केवळ साहित्याच्या आवडीने लिहीत नाही. आमच्या पाहण्यातील एका कुटुंबाची गोष्ट आहे. ती पेटीत ऐकलेली नव्हे, साऱ्या आळीला ठाऊक असलेली आहे. एका भावाने इतरांना न सांगता वाडीचा तुकडा विकला. पुढे त्याला पश्चात्ताप झाला, पैसे फेडले, भावांनी मिठी मारली. पण नाताळच्या प्रत्येक जेवणाला कोणी ना कोणी तो विषय काढतेच, थट्टेतच काढते, आणि तो माणूस ताटावरची नजर वर उचलत नाही. क्षमा झाली आहे, पण गवतातून परत आलेल्या भावाशी झाल्या गोष्टीविषयी बोलू नये, हे कोणी पाळलेले नाही. असे घर आपल्या धर्मग्रामात एकच आहे, असे कोणी समजू नये. आम्हीही प्रवचनात नाव न घेता कोणाकडे बोट दाखवले असेल, तर आमचीही गणना त्यांतच व्हावी.

पालकांना एक विनंती. हे पुस्तक मुलांना वाचून दाखवा, जमेल तेथे मराठीत सांगत सांगत दाखवा. २००५ साली त्यावर निघालेला चित्रपट पाहिला असला तरी दाखवा. पण सिंह कोण, हे सांगू नका. मुलाने विचारले तर त्यालाच विचारा, तुला कोण वाटतो? आणि वाचता वाचता एडमंडपाशी तुमचा आवाज अडला, तर अडू द्या.

पुस्तके वाळली तसे आम्ही खोडरबर घेऊन समासातील सारी समीकरणे पुसून काढली. तेराव्या प्रकरणापाशी आलो तेव्हा पुसण्यासारखे काही सापडले नाही. सर्व पाने खुणांनी भरणाऱ्या त्या तरुण धर्मगुरूला दवातल्या त्या संभाषणाच्या पानावर एक रेघही ओढावीशी वाटली नव्हती. पुस्तक आता वाचनालयाच्या कपाटात, मुलांच्या हाताला येईल अशा खालच्या फळीवर ठेवले आहे.